शेवटचा फॉर्मा

विद्यापीठाच्या दारांवर 'परीक्षा चालू आहे' असे कागद लागले की हॅलिफॅक्समध्ये एप्रिल आला असं समजायचं. झाडांवर विश्वास ठेवण्यात अर्थ नाही, ती मे महिन्यापर्यंत नुसत्या काड्या असतात. बर्फ वितळू लागतो आणि हिवाळाभर हरवलेल्या वस्तू वर येतात. बहुतेक हातमोजे, तेही एकेकटे. येणारेजाणारे ते उचलतात आणि जवळच्या कुंपणाच्या टोकावर अडकवतात, ज्याचा असेल त्याला दिसावा म्हणून. आमच्या रस्त्यावर एप्रिलभर कुंपणं हात वर करून उभी असतात. मला ती ठरावाच्या बाजूने मत देणाऱ्या सभेसारखी वाटतात. माझं बालपण सभांमध्ये गेलं, त्याला मी काय करणार?

हवेला ओल्या लोकरीचा वास असतो, रस्त्यावर ओतलेल्या मिठाचा आणि ग्रंथालयातल्या करपलेल्या कॉफीचा. बसमध्ये मुलं मांडीवर लॅपटॉप घेऊन पुटपुटत असतात. पण परीक्षा म्हटलं की माझं अंग अजून उन्हाची वाट बघतं. तापलेला पत्रा, वेणीतल्या तेलाचा वास, टेबल फॅनसमोर उडू नयेत म्हणून दगडाखाली दाबलेले कागद. आमच्या घरात कागद फार होते.

आई अंगणवाडी सेविका, शिवाय संघटनेची तालुक्याची सचिव. बाबा छापखान्यात कामाला. त्यामुळे पत्रक आमच्याकडे लिहिलंही जायचं आणि छापलंही जायचं. मला अक्षरओळख झाली ती 'आमच्या मागण्या' या शब्दांवरून. मोर्चा झाल्यावर उरलेली पत्रकं रद्दीत द्यायची पद्धत नव्हती. त्यांची मागची बाजू कोरी असायची. त्या पाठकोऱ्या कागदांवर मी गणितं सोडवली, निबंध लिहिले, चित्रं काढली. माझ्या सगळ्या डोंगरांमागून आणि सूर्यांमागून उलट्या अक्षरांतल्या मागण्या दिसायच्या.

गोष्टीचं पुस्तक मात्र घरात एकच होतं, 'तानी नावाडी' नावाचं. आईने ते कुठल्याशा रद्दीवाल्याकडून आणलं होतं. तानीचे वडील नदीवर होडी चालवतात. एके वर्षी होडीचा ठेका बाहेरच्या माणसाला जातो आणि वडिलांची होडी अंगणात पालथी पडते. तानीचा मित्र गण्या ठेकेदाराच्या होडीवर वल्हं मारायला जातो. तानी त्याच्याशी बोलणं सोडते. शेवटी परीक्षेचा दिवस येतो. केंद्र पैलतीरावर, होडी एकच, ठेकेदाराची, आणि वल्ह्यांवर गण्या. तानी काठावर येते, मागे वळून वडिलांच्या पालथ्या होडीकडे बघते 'आणि'.

त्या 'आणि'वर माझं पुस्तक संपलं होतं. पुढे पाठीचा पुठ्ठा. मी चौथीत होते, दोन दिवसांवर गणिताचा पेपर होता, आणि मी पुस्तक छातीशी धरून गळा काढला. आईने पुस्तक उलटंपालटं केलं, शिवणीत बोट घातलं.

"शेवटचा फॉर्माच गळालाय," ती म्हणाली.

फॉर्मा म्हणजे एकत्र छापून दुमडलेली सोळा पानं. आमच्या घरात हे मला परवच्याआधी माहीत होतं.

"मग तानीचं काय झालं?"

"वाचनालयात असेल दुसरी प्रत. उतरवून आणते. तू आधी जेव."

ते आईच्या धरण्याचे दिवस होते. ती सकाळीच जिल्ह्याच्या गावी जायची आणि दिवेलागणीला यायची. सकाळी माझी वेणी घालायला शेजारची सुलूमावशी यायची. तीही आईसारखीच अंगणवाडीत. तिच्या वेण्या इतक्या घट्ट असायच्या की डोळे कानांकडे ओढले जायचे. "हलू नकोस गं, नाहीतर भांग नदीसारखा वाकडा जाईल," म्हणायची. पेपरच्या दिवशी ती माझ्या हातावर दही ठेवायची आणि शाळेच्या फाटकापर्यंत यायची.

आईने शेवट आणला. सात पाठकोरे कागद, तिच्या तिरप्या अक्षरात. तानी होडीत बसत नाही. ती काठावर बसकण मारते. मग एकेक करून सगळी मुलं तिच्याशेजारी बसतात, मग त्यांच्या आया, मग सगळा गाव. होडी रिकामी डोलत राहते. अखेर गुरुजीच पेपरांचा गठ्ठा घेऊन या काठावर येतात आणि परीक्षा चिंचेखाली होते. ठेकेदार गाशा गुंडाळतो. गण्या एकटा होडीत उभा असतो. शेवटची ओळ होती, 'तानीने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.'

मी ते कागद पुस्तकाला सुईदोऱ्याने शिवून टाकले. किती वेळा वाचले असतील? आजही कुठे गोठायला झालं, कुणासमोर मान खाली जाऊ लागली, की मला चिंचेखाली बसलेला तो गाव आठवतो आणि पाठ ताठ होते. माझ्यात जो काही कणा आहे, तो त्या सात कागदांचा आहे. हे मी आजही म्हणते. पुढे जे सांगणार आहे, त्यानंतरही म्हणेन.

मागच्या वर्षी याच दिवसांत आमच्या विद्यापीठातल्या टीए मंडळींचा संप झाला. टीए म्हणजे शिकता शिकता शिकवणारे, पेपर तपासणारे आम्ही विद्यार्थी. पत्रकं कोण लिहिणार, हे कुणी विचारलंच नाही. मी आठवड्याला दोन लिहीत होते. गेटवर फलक घेऊन उभी राहायचे, मोज्यांच्या आत मोजे घालून, आणि मला वाटायचं, आई बघायला हवी होती.

माझ्यासोबत बेसमेंटमध्ये राहणारी रेणूही टीए होती, पण संपात नव्हती. रेणू नागपूरची, रसायनशास्त्रात पीएचडी करणारी. हॅलिफॅक्समध्ये उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी मला विंटर बूट कुठून घ्यायचे ते दाखवणारी. पहिल्या हिवाळ्यात दोघी मिळून दारातला बर्फ शोव्हल करताना मी तिला तानीची अख्खी गोष्ट सांगितली होती. फावड्यावर हनुवटी टेकवून तिने ऐकली.

"अन् गण्याचं काय झालं?"

"काय व्हायचंय? कुणी पाहिलं नाही त्याच्याकडे."

"असं कसं बे? घरी तर गेला असेल ना पोरगा? का तिथंच उभा आहे अजून?"

मी हसले होते. तेव्हा हसता येत होतं.

संपात रेणू तिची लॅब घेत राहिली. तिचं स्टडी परमिट संपत आलं होतं, सुपरवायझरच्या एका पत्रावर पुढचं सगळं अडकलं होतं. तिला भीती वाटत होती. ती भीती खरी किती आणि उगीचची किती, हे मी विचारलं नाही. मी तिसऱ्या आठवड्यात एक पत्रक लिहिलं. त्यात तानी होती, काठावर बसलेला गाव होता आणि शेवटी गण्या होता. 'आपल्याच घरातून निघून, आपल्याच गेटमधून आत जाणाऱ्यांकडे आम्ही पाहणारसुद्धा नाही,' असं इंग्रजीत, ठळक अक्षरांत. नाव घातलं नव्हतं. गरजच नव्हती. आमचं घर सगळ्यांना माहीत होतं.

रेणूने ते रसायनशास्त्राच्या इमारतीत वॉशरूमच्या दारावर वाचलं. घरी येऊन माझ्यासमोर ठेवलं.

"हा गण्या मी आहे ना?"

"लागलं का?" मी म्हटलं. केवढा अभिमान होता मला त्या दोन शब्दांचा.

"ही गोष्ट तू मला बर्फ काढताना सांगितली होती," एवढंच ती म्हणाली. आठवड्याभरात ती खाडीपलीकडे डार्टमथला राहायला गेली. तेव्हापासून बोलणं बंद. वर्ष झालं. कॉरिडॉरमध्ये ती दिसली की मी तानीसारखी सरळ समोर बघायचे.

या वर्षी मार्चच्या शेवटी मराठी लोकांच्या एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर यादी आली. दूर एटोबिकोला राहणाऱ्या फिलोमिना आंटी घर विकून छोट्या कॉन्डोत जाणार होत्या आणि बेसमेंटमधली मराठी पुस्तकं वाटत होत्या. यादीत खालून तिसरं नाव, 'तानी नावाडी'. मी उभ्या उभ्या फोन लावला.

"घे गं बाई, घे," आंटी म्हणाल्या. त्या मूळच्या वसईच्या. "मुलांसाठी बॅगेतून ओझं वाहून आणली होती. एकानं पान उलटलं नाही. 'ममा, धिस इज टू हार्ड.' आता त्यांची मुलं तर मला 'हाय' म्हणतात तेवढंच. तू तरी वाचशील ना?"

"आंटी, मला तोंडपाठ आहे ते."

"मग कशाला हवंय?"

मी घाईघाईने पत्ता सांगितला. पुस्तक पोस्टाने आलं. वर ब्राउन पेपर, आत वर्तमानपत्र, त्याच्या आत प्लॅस्टिक. मिठाई पाठवावी तशी त्यांनी गुंडाळली होती. मी ते स्वयंपाकघराच्या टेबलावर, तपासायच्या पेपरांच्या गठ्ठ्यावर ठेवलं आणि थेट शेवट उघडला. सोळाच्या सोळा पानं जागेवर होती.

तानी होडीत बसते.

गण्या तिला 'ये' म्हणत नाही. ओल्या फळीवर फक्त पोतं टाकतो. ती बसते, पॅड मांडीवर धरते, दोघं बोलत नाहीत. नदीच्या मध्यावर ओढ वाढते. गण्याला दोन्ही वल्ही झेपत नाहीत, तो फळीवर थोडा सरकतो, आणि नावाड्याची मुलगी एक वल्हं हातात घेते. दोघांनी सारखा जोर लावला नाही तर होडी गिरक्या घेणार, हे दोघांना माहीत असतं. पैलतीर येतो. ती उतरते. ठेकेदार ठेकेदारच राहतो. वडिलांची होडी पालथीच राहते. तानी ओल्या पायांनी चढण चढून शाळेकडे जाते. संपलं.

मी संतापले. समासात पेन्सिलीने लिहिलं, 'समझोता!' मग पुस्तक आंटींचं आहे हे आठवून खोडलं. नंतर ते आता माझंच आहे हेही आठवलं. दोन दिवस मी विद्यार्थ्यांच्या पेपरांवर खुन्नस काढली. मग पहिल्या पानापासून पुन्हा वाचायला घेतलं, लेखकाला रंगेहाथ पकडायच्या इराद्याने.

पकडली गेले ती मी. दुसऱ्याच प्रकरणात गण्याचं घर आहे. बाप नाही. दोन लहान बहिणी, त्यातली एक आजारी. दीड पान सरळ, साध्या शब्दांत लिहिलंय. हे पान मी लहानपणी कितीदा तरी उलटलं असणार. माझ्या जुन्या प्रतीत तिथे कैरीच्या तिखटमिठाचा डाग होता, म्हणजे त्या पानावर मी खात होते, वाचत नव्हते. मला तेव्हा कोण जिंकतं एवढंच हवं होतं. तानीचे वडील ठेका गेल्यावर गण्याला वल्हं धरायची नीट पद्धत दाखवतात, हेही मला आठवत नव्हतं. 'पाणी ठेकेदाराला ओळखत नाही, पोरा, नीट धर,' म्हणतात. किती चांगलं पुस्तक होतं ते. माझ्या आठवणीपेक्षा कितीतरी चांगलं. नाव विसरलं गेलेल्या त्या लेखकाने माझ्यासारखीला हे सगळं देऊन ठेवलं होतं, आणि मी वीस वर्षं त्यातलं फक्त स्वतःच्या कामाचं उचललं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईला फोन केला. तिकडे संध्याकाळ. आई गवार निवडत होती.

"आई, तानीचा शेवट तू कुठून उतरवला होतास?"

"कोण तानी? कुठल्या अंगणवाडीची? सेविका का मदतनीस?"

"पुस्तकातली गं. 'तानी नावाडी'."

गवार मोडल्याचा आवाज थांबला. "सापडलं तुला?"

"सापडलं. शेवटासकट."

"मग? काय होतं गं शेवटी?"

तिला माहीत नव्हतं! वीस वर्षं तीही त्या 'आणि'वर थांबलेली होती. मी शेवट वाचून दाखवला.

"बसली म्हणतेस होडीत?"

"बसली."

"बरं झालं बाई. वर्ष गेलं असतं पोरीचं."

"आई! तू मला सांगितलंस वाचनालयातून उतरवलं!"

"वाचनालयात नव्हतंच ते. तू जेवेनास, परवावर गणित. मग धरण्यावर बसल्या बसल्या लिहिलं. एकटीने नाही काही, सगळ्या होत्या. कमल म्हणाली, ठेकेदाराला गाढवावर बसवा. दुसरी म्हणाली, त्या गण्याला ढकला पाण्यात. मी म्हटलं, अगं बायांनो, लहान पोरीने वाचायचंय." ती हसायला लागली. "गुरुजींना या काठावर आणायची कल्पना माझी हं."

"आणि गण्याकडे पाहिलं नाही, ही ओळ?"

हसणं ओसरलं. "त्या सकाळी आमच्यातल्या दोघी कामावर परत गेल्या होत्या. राग होता. कागदावर काढला."

"कोण दोघी?"

"एक बदलून गेली. एक आपली सुलू."

"सुलूमावशी? तू बोललीस तिच्याशी नंतर?"

"चार दिवस नाही बोलले. मग बोलले. तिचा नवरा बिछान्यावर, घरात दुसरं कमावणारं कोण होतं?"

"मला कधी सांगितलं नाहीस."

"काय सांगायचं? मी धरण्यावर असताना तुझी वेणी कोण घालत होतं?"

पुढे आई गवारीच्या भावावर बोलत राहिली. मी ऐकत नव्हते. घट्ट वेणीने कानांकडे ओढलेले डोळे मला जाणवत होते. माझ्या आईचा धरणं न सोडण्याचा हट्ट आणि सुलूमावशीची सकाळची पंधरा मिनिटं, या दोन्हींवर माझी चौथीची परीक्षा पार पडली होती. आणि तापलेल्या डांबरावर चवाळं टाकून बसलेल्या त्या बायका! स्वतःच्या मागण्यांचं काय होणार ठाऊक नाही, आणि दुसऱ्याच्या पोरीसाठी कादंबरीचा शेवट रचत होत्या. सगळा गाव शेजारी येऊन बसतो, हे त्यांनी मला सांगितलं, तेवढंच स्वतःलाही सांगितलं असणार. त्या शेवटाचं मी कितीही ऋण मानलं तरी थोडंच. त्यातली एक ओळ एका दुपारच्या रागाची होती. आईने ती चार दिवसांत सोडली. मी ती नियमासारखी पाळली, आणि रेणूवर चालवली.

संप बरोबर होता. हे मी आजही कुणालाही गेटवर उभी राहून सांगेन. ते पत्रक चूक होतं. ही दोन वाक्यं शेजारी शेजारी ठेवायला मला वर्ष लागलं.

मागच्या गुरुवारी व्यायामशाळेच्या हॉलमध्ये मोठी परीक्षा होती आणि सुपरव्हिजनच्या यादीत माझ्या नावाखाली रेणूचं नाव होतं. तीन तास आम्ही समोरासमोरच्या भिंतींना उभ्या. बोलायचं नाही, हा तिथला नियमच. शेकडो पेनांची खसखस, कुणाचं तरी वाहणारं नाक, वर बास्केटबॉलच्या रिकाम्या जाळ्या. एकदा एका मुलीला जादा पुरवणी हवी होती, आम्ही दोघी एकदम निघालो आणि दोघीही थांबलो. पेपर गोळा झाल्यावर गठ्ठे बांधताना मी तिच्या टेबलापाशी गेले आणि एका दमात सगळं सांगितलं. पुस्तक, गळालेला फॉर्मा, धरणं, सुलूमावशी, दुसरं प्रकरण. ती रबर बँड लावत राहिली.

"झालं?" ती म्हणाली. "माफी मागून राहिली, का पुस्तकाचं परीक्षण सांगून राहिली?"

"माफी."

"मग तेवढंच म्हण ना."

मी म्हटलं.

"पत्रक सगळ्यांनी वाचलं होतं," रेणू म्हणाली. "माझ्या लॅबच्या पोरांनी पण. माफी मात्र मी एकटीनेच ऐकायची का?"

ती बरोबर होती. मी घरी जाऊन पत्रक लिहिलं. आयुष्यात इतकं अवघड पत्रक लिहिलेलं नाही. कुणाच्या विरोधात लिहायचं हे माहीत असलं की हात चालतो. इथे विरोधात मीच होते. संध्याकाळपर्यंत अर्धं पान झालं. खाली माझं पूर्ण नाव घातलं आणि फोटो काढून तिला पाठवला. तासाभराने तिचा फोन आला. वर्षभरानंतर स्क्रीनवर तिचं नाव.

"तिसरी ओळ काढ."

तिसरी ओळ होती, 'त्या दिवसांत आम्ही सगळेच तणावाखाली होतो.'

"का?"

"तू होती तणावाखाली, ते मला माहीत आहे. ते वाचून लोक तुलाच बिचारी म्हणतील."

मी ओळ काढली. राहिल्या पाच. शुक्रवारी दुपारी प्रिंट घेऊन रसायनशास्त्राच्या इमारतीपाशी गेले, तर ती पायऱ्यांवर जॅकेटच्या खिशात हात घालून उभी.

"मी तुला माफ केलंय असं समजू नको," ती म्हणाली. "तू नेहमी वाकडं चिकटवते, म्हणून आली."

आम्ही वॉशरूमच्या दारापासून सुरुवात केली. आतून एक मुलगी हात झटकत बाहेर आली, थांबून वाचू लागली, मग आमच्याकडे बघितलं. रेणूने नजर चुकवली नाही. मी कागदाची दोन टोकं धरून उभी होते आणि ती दातांनी टेप तोडत होती.